जुना फोन, नऊ दिवसांचा घट: टाइमलॅप्सचा सात महिन्यांचा अनुभव

जूनमध्ये नवा फोन घेतला तेव्हा जुन्याचे एक्स्चेंजमध्ये नऊशे रुपये सांगितले. नऊशेसाठी कोण देतंय, म्हणून तो घरीच ठेवला. एका कोपऱ्यात काच तडकलेली, सिम काढलेलं, पण मागचा 12 मेगापिक्सेलचा कॅमेरा शाबूत आणि 64 जीबीतली बरीचशी जागा मोकळी. तेव्हापासून डिसेंबरपर्यंत त्या फोनला मी एकच काम लावलं: टाइमलॅप्स, म्हणजे तासन्तास किंवा दिवसेंदिवस चालणारी गोष्ट काही सेकंदांत पळवून दाखवणारा व्हिडिओ. पस्तीस-चाळीस वेळा मांडामांड केली असेल, त्यातले चारचौघांत दाखवण्यासारखे आठ. बाकीचे का फसले तेच इथे जास्त सांगणार आहे.

आमच्या गच्चीवरून अजिंक्यतारा समोर दिसतो. साताऱ्यात पाऊस स्थिरावला की पश्चिमेकडून ढग येतात, किल्ल्याचा माथा झाकतात, पुन्हा उघडा करतात, आणि हा खेळ दिवसभर चालतो. फोनच्या कॅमेऱ्यात टाइमलॅप्सचा पर्याय आयताच होता, 5, 10, 30 आणि 120 पट वेगांचा. फोन कठड्याला टेकवला, 30 पट निवडलं, आणि दहा मिनिटांनी वीस सेकंदांचा व्हिडिओ हातात. डोंगरावरून ढग दुधासारखा उतू जातोय! मला वाटलं, जमलंच की. आता कळतंय, ढग फार दिलदार असतात. कसेही काढा, बरेच येतात. पुढच्या महिनाभराची माझी फजिती त्या पहिल्या यशामुळेच झाली.

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या घ्यायला गेलो. घरी येऊन बघते तर पाती कधी जागच्या जागी थरथरतायत, कधी चक्क उलटी फिरतायत. 30 पट वेगाला फोन सेकंदाला एकच फ्रेम, म्हणजे एकच स्थिर चित्र, ठेवतो. तिन्ही पाती दिसायला सारखी, आणि तेवढ्या एका सेकंदात एका पात्याच्या जागी दुसरं जवळजवळ पोचलेलं असतं. ते किंचित मागे राहिलं की डोळा म्हणतो, चक्की उलटी फिरली. कासला सप्टेंबरात तऱ्हा वेगळी. फुलं अगदी जवळून घेतली, वारा सुटलेला, आणि व्हिडिओत सगळं पठार हुडहुडी भरल्यासारखं कापतंय. वाऱ्यातल्या फुलांचे आपले साधे फोटोच काढावेत.

नणंदेकडे आयफोन आहे. त्याच्या टाइमलॅप्समध्ये वेग निवडायची भानगडच नाही. सुरुवातीला तो सेकंदाला दोन फ्रेम घेतो आणि चित्रण लांबत गेलं की मधल्या फ्रेम गाळून अंतर दुप्पट-दुप्पट करत जातो. त्यामुळे अर्धा तास चालवा नाहीतर दोन तास, हाती येतो तो वीस ते चाळीस सेकंदांचाच तुकडा. तिने दारातली रांगोळी अशी घेतली आणि ती माझ्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा सुबक आली, हे मान्य करते. तासाभरात आटपणाऱ्या गोष्टीला फोनमधला मोड पुरतो. त्यासाठी ॲप शोधत बसू नका.

मला मात्र दिवसांत घडणाऱ्या गोष्टींचा नाद लागला होता. तिथे व्हिडिओ मोड उपयोगाचा नाही. ठरावीक अंतराने फोटो काढून नंतर ते जोडायचे. त्यासाठी मी ओपन कॅमेरा नावाचं ॲप वापरलं. मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि दिसायला अगदीच सरकारी फॉर्मसारखं आहे. पण त्यात रिपीट चालू करून दोन फोटोंमधलं अंतर काही सेकंदांपासून तासांपर्यंत ठेवता येतं, आणि फोनची परवानगी असेल तर शटर (एका फोटोसाठी उजेड किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) सगळं हाताने ठरवता येतं. हिशोब आधी कागदावर करायचा. व्हिडिओच्या एका सेकंदात 30 फ्रेम, म्हणजे दहा सेकंदांना 300 फोटो. दर पाच सेकंदांनी एक घेतला तर 25 मिनिटं. हा हिशोब न करता मी एकदा यवतेश्वरच्या बाजूचा सूर्यास्त दर मिनिटाला एक असा घेतला होता. पाऊण तास गच्चीवर डास मारत बसले आणि मिळाला दीड सेकंद.

फोटोंचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. माझ्या फोनचा फोटो 4000 बाय 3000 ठिपक्यांचा, आणि 4के म्हणतात त्या जास्त स्पष्ट व्हिडिओला लागतात 3840 बाय 2160. वरखाली आठशेहून जास्त ओळी शिल्लक राहतात. चौकट थोडी चुकली तरी नंतर सरकवता येते.

पहिल्या पाच-सहा व्हिडिओंना बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखी लुकलुक होती. फोन प्रत्येक फोटोच्या वेळी नव्याने ठरवतो, उजेड किती, रंग कसा, फोकस कुठे. एक फोटो उजळ, पुढचा गडद. एकेकटे बघितले तर फरक जाणवत नाही, सलग लावले की डोळ्यांवर चिमटे बसतात. उपाय म्हणजे हे सगळं आधीच लॉक करणं. सूर्यास्ताला मात्र उजेड लॉक करू नका. मी केला होता, आणि वीस मिनिटांनंतर पुढचं सगळं काळंठिक्कर. तिथे थोडी लुकलुक पत्करलेली बरी. घरातल्या दिव्यांचं आणखी एक. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. शटर 1/50 वर ठेवलं की प्रत्येक फोटोत पुरते दोन हेलकावे येतात आणि पट्टे दिसत नाहीत. हे कळायला मला तीन रात्री लागल्या.

ऑगस्टमध्ये ट्रेमध्ये मेथी पेरून तालीम केली. चौकट मातीवर धरली होती, तर पाचव्या दिवशी मेथी वरून बाहेर. फोकस मातीवर लॉक, तर मोठी झालेली पानं धूसर. आणि केर काढताना मावशींचा झाडू ट्रायपॉडला लागला, तिथून पुढचं शेत दोन इंच डावीकडे. ट्रायपॉड साडेआठशेचा होता. फोनचं वजन पेलतो, पण पंख्याच्या वाऱ्यालाही हलतो. मधल्या दांड्याला दोन किलोची तांदळाची पिशवी लटकवली तेव्हा ताळ्यावर आला.

ही सगळी तयारी घटासाठी चालली होती, आणि घटाची कल्पना दादासाहेब फाळक्यांची उसनी. 1912 च्या सुमारास, सिनेमासाठी पैसे उभे करायचे होते तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा मांडला आणि एकेक फ्रेम घेत महिन्याहून जास्त चित्रण केलं. ‘अंकुराची वाढ’ नावाचा मिनिटभराचा तो चित्रपट. मोजक्या लोकांना तो दाखवला आणि त्यातल्या काहींनी कर्ज दिलं; ‘राजा हरिश्चंद्र’ आला 1913 मध्ये. त्यांना फ्रेम पुढे सरकवायला रोज कॅमेऱ्यापाशी जावं लागत असणार. मला तर बटणालाही हात लावायचा नव्हता.

परवानगी सासूबाईंची. “अगं, देवघरात नऊ दिवस हे डोळे वटारून बसणार? आवाज बिवाज येतो का त्याचा?”

“नाही हो आई, आवाज बंद केलाय. फ्लॅशही नाही.”

“मग ठेव. पण एकदा घट बसला की जागचा हलवायचा नाही हं. तुझ्या फोनसाठी तर नाहीच नाही.”

मला दुसरं काय हवं होतं? टाइमलॅप्सचा पहिला नियम नवरात्राने घरातल्या प्रत्येकाला लहानपणीच शिकवून ठेवलाय.

परडीत शेतातली काळी माती, त्यात गहू आणि बाकीची धान्यं, मध्ये कलश, त्यावर नागवेलीची पानं आणि नारळ. शेजारी नंदादीप. ट्रायपॉडवर आता विश्वास नव्हता, म्हणून मोबाईल होल्डर दोन स्क्रूंनी समोरच्या भिंतीलाच ठोकला. चौकटीचा वरचा अर्धा भाग मोकळा सोडला. खिडकीला जाड पडदा, एका बाजूला लहान एलईडी दिवा अहोरात्र चालू, शटर 1/50, फोकस मातीच्या वीतभर वर. फोन विमान मोडवर, सूचना बंद, बॅटरी वाचवण्याच्या सगळ्या सोयी बंद, कारण त्या मध्यरात्री ॲप बंद पाडतात. माझ्या दोन रात्री अशाच वाया गेल्या होत्या. ॲप उघडंच राहावं लागतं, म्हणून स्क्रीन चालू पण उजेड अगदी कमी. चार्जर लावलेला. दर दहा मिनिटांनी एक फोटो, तासाला सहा, दिवसाला 144. नऊ दिवसांचे 1296. एक फोटो साधारण 4 एमबीचा, म्हणजे पाच जीबीच्या वर. आणि सगळं मिळून व्हिडिओ 43 सेकंदांचा.

त्यातले पहिले नऊ-दहा सेकंद नुसती माती. पाणी घातलं की काळी, मग हळूहळू फिकट, पुन्हा काळी. मग तिला भेगा पडतात, ढेकूळ उचललं जातं, आणि खालून पांढरे टोकदार कोंब. गहू सरळ वर येत नाही हे मी चाळिशीत पहिल्यांदा पाहिलं. प्रत्येक कोंबाचं टोक फिरत, डोलत वर चढतं, जत्रेतल्या गर्दीत टाचा उंचावून बघणाऱ्यासारखं. पात्यांच्या टोकांवर पाण्याचे थेंब येतात आणि नाहीसे होतात. मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी ते. घटाचे कोंब नेहमी पिवळसर का असतात तेही उमगलं: देवघरात उजेड कमी, आणि उजेड कमी असला की रोप रंगात वेळ न घालवता उंचीच्या मागे लागतं. मी दिवा एकाच बाजूला ठेवला होता, त्यामुळे सातव्या दिवसापर्यंत सगळं पीक उजवीकडे कललं. “यंदा धान्य असं का गं वाकलंय?” असं सासूबाईंनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी स्वयंपाकघरात काम काढलं.

ठरवून न केलेली सगळ्यात सुंदर गोष्ट माळांची. रोज एक माळ चढते, म्हणजे व्हिडिओत पावणेपाच सेकंदांनी वरून एक माळ टपकन खाली येते. झेंडू, शेवंती, पुन्हा झेंडू. जुनी माळ सुकून बारीक होत असते तोवर नवी तिच्याशेजारी. त्या तालावर खालचं पीक वाढतं. दुसऱ्या माळेच्या संध्याकाळी लाईट गेली. फोन बॅटरीवर चालूच होता, त्याने पाच फोटो फक्त नंदादीपाच्या उजेडात घेतले; सगळं काळं आणि मध्ये तांबूस कलश. आधी ते पाच काढून टाकले होते. नंतर परत घातले.

हाताचंही तसंच. पाणी घालताना, वात सारताना सासूबाईंचा हात काही फोटोंत आलाय, प्रत्येकी एकच फ्रेम, सेकंदाचा तिसावा भाग. असे फोटो गाळायची रीत आहे. मी राहू दिले. दसऱ्याला घट उठला, कोंब टोप्यांत आणि केसांत खोचून झाले, तेव्हा त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो तीनदा बघितला आणि म्हणाल्या, “ती चौथी माळ मी वाकडी बांधली होती का?”

दिवाळीच्या किल्ल्याचं थोडक्यात. मुलगा आणि गल्लीतली पोरं चार तास चिखलात होती, मी दर पाच सेकंदांनी एक फोटो लावला. 2880 फोटो, 96 सेकंद. बुरूज छान उभा राहिला, पण पोरं एका जागी गायब होऊन दुसरीकडे प्रकट होतात, भुतासारखी. माणसांच्या कामाला एक-दोन सेकंदांचंच अंतर हवं. किल्ल्यावर पेरलेले अळीव मात्र दर दहा मिनिटांच्या हिशोबाने झकास उगवले.

जोडणी फोनवर करू नका. हजार-बाराशे फोटो टाकले की मोबाईलवरची संपादनाची ॲप गुदमरतात. मी दोन करून पाहिली. लॅपटॉपवर दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती ओळीने क्रमांक असलेले फोटो एकच क्लिप म्हणून उचलते. लुकलुक काढायची सोय तिच्या विकतच्या आवृत्तीत आहे, म्हणून लॉक करण्याची शिस्त आधीच पाळलेली स्वस्त पडते. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अंकुरांचा हिरवा लगदा होतो.

आता तक्रार. नवरात्र आणि दिवाळी धरून फोन कित्येक दिवस सलग चार्जरवर, पूर्ण भरलेला आणि गरम. नोव्हेंबरअखेर मागचं झाकण एका कडेने उचललेलं दिसलं. बॅटरी फुगली होती. हे दिसलं की फोन लगेच बंद करायचा, झाकण दाबून बसवायचं नाही. पोवई नाक्याजवळ साडेआठशेत नवी बसवून मिळाली, म्हणजे नऊशेच्या फोनला साडेआठशेची बॅटरी. तेव्हापासून चार्जर टायमरच्या प्लगवर आहे, दोन तास चालू, चार तास बंद. घटासारख्या कामाला एवढं पुरतं, हे दोन रात्री चालवून पाहिलंय.

सध्या फोन ओट्यावर, काचेच्या बरणीतल्या इडलीच्या पिठासमोर आहे. दर मिनिटाला एक फोटो. काल रात्री 480 झाले आणि डिसेंबरच्या थंडीत पीठ तसूभरही वर आलं नाही. सोळा सेकंद एका बरणीचा फोटो. सासूबाई म्हणतात, बरणीला शाल गुंडाळून ठेव. ठेवते. पण मग दिसणार काय, शाल?