ओतीव गोळ्यांसाठी शिसे: मैदानातले छर्रे, चाकांची वजने की छापखान्याचे खिळे?

अमेरिकेत रिव्हॉल्व्हरसाठी किंवा जुन्या धाटणीच्या रायफलसाठी शिशाच्या गोळ्या घरी ओतणाऱ्या नेमबाजांना साच्यापेक्षा धातूची चिंता अधिक असते. चांगला साचा वर्षानुवर्षे टिकतो, शिसे मात्र सतत लागते आणि त्याचे स्वस्त स्रोत एकेक करून आटत चालले आहेत. अशा वेळी ट्रॅप आणि स्कीट, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्यांवर शॉटगनने नेम धरण्याच्या खेळांच्या मैदानांतल्या मातीतून चाळून काढलेले छर्रे, म्हणजे शॉटगनच्या काडतुसातले शिशाचे बारीक दाणे, डोळ्यांत भरतात. नव्या छऱ्यांप्रमाणेच तेही बहुधा २५ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ११.३ किलोच्या पिशव्यांत मिळतात आणि नव्यांपेक्षा स्वस्त असतात. हे छर्रे घ्यावेत, गाडीच्या चाकांचा तोल साधणारी वजने शोधावीत, छापखान्याचे खिळे मिळवावेत की सरळ तयार मिश्रधातू विकत घ्यावा, असा हा प्रश्न आहे.

कायद्याची बाजू आधी सांगितलेली बरी. अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे स्वतःच्या वापरापुरता दारूगोळा तयार करण्यास परवाना लागत नाही, विक्रीसाठी करायचा असेल तर लागतो. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या वापरता येत नाहीत. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा तयार करण्यासाठी परवाना आवश्यक आहे, त्यामुळे पुढील तुलना अमेरिकेत राहणाऱ्या वाचकापुरतीच आहे.

छर्रा म्हणजे शुद्ध शिसे, हा समज चुकीचा आहे. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ मध्ये उंचावरून वितळलेले शिसे थेंबाथेंबाने पाण्यात सोडून गोल छर्रे करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्या थेंबांनी लांबट न होता गोल व्हावे म्हणून शिशात थोडे आर्सेनिक घालतात. कठीणपणासाठी अँटिमनी हे धातुसदृश मूलद्रव्य घालतात. साध्या छऱ्यांत ते साधारण २ ते ३ टक्के, तर ‘मॅग्नम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या छऱ्यांत ४ ते ६ टक्क्यांपर्यंत असते. मैदानातून निघालेल्या पिशवीत अनेक उत्पादकांचा माल मिसळलेला असल्याने नेमके प्रमाण कुणालाच सांगता येत नाही, तरी ३ टक्के धरून चालणे व्यवहार्य ठरते. कथील मात्र त्यात जवळजवळ नसतेच. म्हणजे छऱ्यांतून अँटिमनी आणि आर्सेनिक आयते मिळते आणि कथील बाहेरून आणावे लागते, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे हिशेब सोपे होतात.

आर्सेनिकाचे महत्त्व नवख्याच्या लक्षात सहसा येत नाही. अँटिमनी असलेल्या शिशाची गोळी साच्यातून गरम असतानाच पाण्याच्या बादलीत टाकली तर ती लक्षणीय कठीण होते, आणि आर्सेनिकाचा अगदी थोडा अंश, पाव टक्क्याच्या आसपास असला तरी, हा परिणाम बराच वाढवतो. त्यामुळे निव्वळ छऱ्यांची गोळी पाण्यात विझवली की अँटिमनीच्या आकड्यावरून वाटावी त्यापेक्षा कठीण निघते. उलट कथिलाच्या अभावी धातू साच्याच्या बारीक कडांमध्ये नीट भरत नाही आणि गोळीवरच्या कंगोऱ्यांची धार बोथट राहते. एक ते दोन टक्के कथील घातले की हा दोष जातो. त्यासाठी शिसेविरहित सोल्डर किंवा प्युटरची, म्हणजे मुख्यतः कथिलाच्या मिश्रधातूची, जुनी भांडी उपयोगी पडतात.

छर्रे वितळवणे मात्र किचकट काम आहे. प्रत्येक दाण्यावर ग्रॅफाइटचा आणि ऑक्साइडचा थर असतो, त्यामुळे आतले शिसे वितळले तरी दाणे एकमेकांत मिसळत नाहीत आणि भांड्यात करड्या लगद्यासारखे काहीतरी तरंगत राहते. तो मळ समजून काढून टाकला तर चांगला धातूच फेकला जातो, म्हणून मेण किंवा लाकडाचा भुसा टाकून जोराने ढवळत राहावे लागते. शिवाय मैदानातल्या मालात तबकड्यांचे तुकडे असतात. या तबकड्या चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखे पिच यांच्या असतात, आणि त्यांचा धूर विषारी असतो. काडतुसातले प्लास्टिक आणि पोलादी छर्रे हेही सापडतात. पोलादी छर्रे चुंबकाने निघतात आणि राहिलेच तर वर तरंगतात. सर्वांत धोकादायक म्हणजे ओलावा. मातीतून आलेला माल वितळलेल्या शिशात टाकू नये, तो थंड भांड्यात भरून सावकाश तापवावा, कारण पाण्याचा एक थेंब वाफ होताना सगळा धातू अंगावर उडवू शकतो.

आता चाकांच्या बॅलन्सिंगच्या वजनांकडे वळू. रिमला पकडीने बसणाऱ्या वजनांत सुमारे ३ टक्के अँटिमनी, अर्धा टक्का कथील आणि किंचित आर्सेनिक असते, म्हणजे घटकांच्या दृष्टीने ती छऱ्यांची सख्खी भावंडेच आहेत. चिकटवण्याची वजने मात्र जवळजवळ शुद्ध शिशाची असतात, ती वेगळी ठेवावीत. पूर्वी टायरच्या दुकानातून ही वजने बादलीभर मिळत, पण वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी शिशाच्या वजनांवर बंदी घातल्यापासून बादलीत जस्त आणि लोखंडच अधिक निघते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, जस्त ४१९ ला, म्हणून तापमान आवरले तर जस्ताचे तुकडे वर तरंगतात आणि काढता येतात. लक्ष चुकून एकदा जस्त विरघळले की तो घाणा साच्यात नीट भरतच नाही. हा निवडण्याचा त्रास छऱ्यांत जवळजवळ नाही, आणि मला तोच छऱ्यांचा मोठा फायदा वाटतो.

छापखान्यातल्या यंत्रांवर ओतलेल्या लायनोटाइपच्या ओळी आणि मोनोटाइपचे सुटे खिळे यांची गोष्ट वेगळी. लायनोटाइपमध्ये ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असते. मोनोटाइपमध्ये अँटिमनी १९ आणि कथील ९ टक्क्यांच्या आसपास असते. हा धातू साच्यात सुरेख उतरतो, पण तो ठिसूळ आणि महाग आहे. खिळ्यांचे छापखानेच फारसे उरले नाहीत तिथे तो आणखी मिळणार कुठून? म्हणून निव्वळ त्याच्याच गोळ्या ओतणे ही उधळपट्टी होय. तो आमटीतल्या मिठासारखा वापरावा. ९ किलो मॅग्नम छर्रे (४ टक्के अँटिमनी धरून), १ किलो लायनोटाइप आणि १०० ग्रॅम कथील एकत्र केले तर अँटिमनी सुमारे ४.८ टक्के आणि कथील १.४ टक्के होते. बहुतेक पिस्तुलांना आणि मध्यम वेगाच्या रायफलींना एवढे पुरते.

कुणी काय घ्यावे, हे आता बंदुकीवर ठरते. तोंडाकडून भरायच्या बंदुकीत कापडात गुंडाळून ठासायच्या गोळीसाठी शुद्ध, मऊ शिसेच हवे, तिथे छर्रे उपयोगाचे नाहीत. .३८ स्पेशलसारख्या मंद काडतुसासाठी छर्रे आणि थोडे कथील पुरे आहे, पाण्यात विझवण्याचीही गरज नाही. शिकारीच्या गोळीत अँटिमनी जास्त झाले तर ती पसरण्याऐवजी फुटते, तेव्हा छऱ्यांत निम्मे मऊ शिसे मिसळलेले बरे. वर्षाकाठी थोड्याच गोळ्या ओतणाऱ्याने ९२-६-२ या प्रमाणाचा, म्हणजे ६ टक्के अँटिमनी आणि २ टक्के कथिलाचा तयार मिश्रधातू विकत घ्यावा. छर्रे साफ करण्यात त्याचा जितका वेळ जाईल तितकी बचत होणार नाही. आणि छर्रे गोल, एकसारख्या आकाराचे असतील तर ते वितळवूच नयेत, शॉटगनची काडतुसे भरणारा शेजारी त्यांना शिशाच्या भावापेक्षा अधिक किंमत देईल.

गाडीच्या बॅटरीतले शिसे कोणत्याही मिश्रणात घालू नये. त्यातल्या कॅल्शियमची छऱ्यांतल्या आर्सेनिकाशी गाठ पडली आणि मळाला पाणी लागले तर आर्सिन हा अत्यंत विषारी वायू निर्माण होऊ शकतो. याच कारणाने छऱ्यांचा मळ कोरडा, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर ठेवावा आणि घातक कचऱ्याच्या केंद्रात द्यावा. लहान मुले असलेल्या घरात तर ओतकाम घरापासून वेगळ्या जागीच हवे, कारण अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०२१ पासून मुलांच्या रक्तातील शिशाची संदर्भपातळी दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली आहे आणि मळाची धूळ कपड्यांवरून सहज आत येते.

मोठी खरेदी करण्याआधी एकच पिशवी वितळवावी, आधीचे आणि लगडींचे वजन ताडून किती टक्के घट आली ते पाहावे, लगडीचा कठीणपणा चित्रकलेच्या कमी-अधिक कठीण पेन्सिलींच्या संचाने, कोणती पेन्सिल धातूवर ओरखडा काढते ते पाहून, अजमावावा, आणि त्या घटीसह पडणारा दर तयार मिश्रधातूच्या दराशेजारी मांडून मगच पुढची मागणी नोंदवावी.