कोळंबीची ॲलर्जी: इंजेक्शननंतर घरी जावं की रात्रभर दवाखान्यात राहावं?

रात्री दहाला मावसभावाचा फोन. "कोळंबी खाऊन घसा आवळला होता, ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं, आता ठणठणीत आहे. घरी जाऊ की थांबू?"

आधी धोका बघू. कोळंबी पुन्हा पोटात न जाताही लक्षणं उलटू शकतात. बहुतेक वेळा काही तासांत, क्वचित 72 तासांपर्यंत. प्रमाण शंभरात साधारण पाच. घरी असलात तर ही दुसरी लाट झोपेत गाठू शकते. दवाखान्यात नर्स जागी असते, निदान असावी!

औषधाचं म्हणाल, तर "स्टिरॉइड दिलंय, आता काही होत नाही" यावर विसंबू नका. स्टिरॉइड किंवा अँटीहिस्टामिन (ॲलर्जीचं नेहमीचं औषध) दुसरी लाट खात्रीनं रोखत नाहीत. ती आलीच तर उपाय पुन्हा तोच: मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत ॲड्रेनालिन. घरी ते कोण देणार?

खर्च राहण्याचा जास्त, उघडच आहे.

एकाच डोसात चटकन उतरलं, दमा नाही, सोबत माणूस आणि दवाखाना जवळ असेल, तर डॉक्टरांना विचारून काही तासांनी घरी. दुसरा डोस लागला, रक्तदाब घसरला, दमा आहे किंवा गाव घाटापलीकडे आहे, तर रात्रभर मुक्काम.

भावाला दमा आहे. थांबला.