लॅक्टेशन काउन्सेलरला घरी बोलावलं, त्याबद्दल

दूध दाटून छाती दगडासारखी झाली असेल आणि बाळ तोंड लावून नुसतं रडत असेल तर वाट बघत बसू नका, लॅक्टेशन काउन्सेलरला, म्हणजे बाळाला अंगावर पाजायला शिकवणाऱ्या ताईंना, घरी बोलवा. मी परळला माहेरी असताना बोलावलेलं आणि खूप बरं केलं असं वाटतं.

ताईंनी आल्या आल्या मसाज केलाच नाही, आधी बाळ कसं पितं ते बघितलं. तो नुसतं टोक धरत होता, मग भोवतीचा काळा भागही तोंडात जाईल असं त्याला कसं घ्यायचं ते शिकवलं आणि मगच मसाज. तो पण तेल लावून रगडायचा नाही हां, बोटं सपाट ठेवून काखेकडे आणि गळ्याखालच्या हाडाकडे, त्वचा जेमतेम सरकेल एवढाच हात. आमच्या मालिशवाल्या मावशी गाठ लागली की अंगठ्याने दाबून फोडायला बघायच्या, ताईंनी त्यांना पण शेजारी बसवून सांगितलं की जोर लावला की आतली सूज वाढते. मावशींनी ऐकलं, हे विशेष!

हाताने दूध काढायचं ते असं, अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या जरा मागे ठेवून आधी छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे, मग सोडायचं, ओढायचं अजिबात नाही. थोडं निघालं की पुढचा भाग मऊ पडतो आणि बाळाला धरता येतं. पाजून झालं की गार पाण्याचं फडकं.

ताई खरं बोलल्या ते मला फार आवडलं. मसाजने पान्हा फुटायला मदत होते, पण दूध वाढतं ते पाजल्यानेच, २४ तासांत ८ ते १२ वेळा. सुरुवातीला बाळाचं वजन थोडं उतरतंच, साधारण २ आठवड्यांत जन्माच्या वजनावर येतं, आणि ५व्या दिवसानंतर दिवसाला निदान ६ लंगोट ओले होतायत का ते बघायचं. घरात पावडरच्या डब्याचं चाललेलं ते यानंतर थांबलं. ताप आला किंवा लाल चट्टा दिसला तर मात्र थेट डॉक्टर. दूध जास्त झालं तर ते दुसऱ्या बाळांसाठी दान करता येतं, त्यासाठी सायन हॉस्पिटलच्या मिल्क बँकेचंही त्यांनी सांगितलं, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली.

एकच तक्रार, येण्याजाण्याचे पैसे वेगळे लागतात हे नंतर कळलं. बुक करताना सगळी फी मेसेजवर लिहून घ्या.