यूपीएस की एनपीएस: निवृत्तीनंतरची महागाई कोणी सोसायची?

माझी भाची गेल्या महिन्यात केंद्र सरकारच्या एका कार्यालयात रुजू झाली. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला, "मामा, पेन्शनचा पर्याय तीस दिवसांत द्यायचाय. नाही दिला तर आपोआप एनपीएस. काय करू?" वय पंचवीस, निवृत्तीला पस्तीस वर्षे. या वयात पेन्शनचा विचार कोण करतो? पण तिच्यासारखी कितीतरी मुले याच फॉर्मपुढे बसली असतील, म्हणून तिला जे सांगितले ते इथे सविस्तर लिहितो. फॉर्मवर पर्याय दोन: एनपीएस, म्हणजे नॅशनल पेन्शन सिस्टिम, आणि यूपीएस, म्हणजे युनिफाइड पेन्शन स्कीम.

पहिल्या महिन्यात पेन्शन किती मिळेल, हे सगळे विचारतात. निवृत्तीनंतर पंधराव्या, विसाव्या वर्षी त्या रकमेत किती किराणा आणि किती औषधे येतील, हे फारसे कोणी विचारत नाही. माझ्या मते दोन योजनांमधला खरा फरक तिथेच आहे.

माझी आई किमान कुटुंब निवृत्तिवेतनावर जगली. केंद्राची किमान पेन्शन पाचव्या वेतन आयोगाने 1996 पासून 1,275 रुपये केली, सहाव्याने 2006 पासून 3,500 आणि सातव्याने 2016 पासून 9,000. मधल्या काळात दर जानेवारीला आणि जुलैला महागाई भत्त्याचा हप्ता जमा व्हायचा. त्यासाठी आईला कधी कोणापुढे हात पसरावा लागला नाही. आमच्या शेजारचे काका मात्र कारखान्यातून निवृत्त झालेले, ईपीएस-95 चे, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेल्या 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेचे पेन्शनर. त्या योजनेत महागाई भत्ताच नाही. तिथली किमान पेन्शन 1 सप्टेंबर 2014 पासून 1,000 रुपये ठरली आणि दहा वर्षे उलटली तरी आकडा हलला नाही. बुलडाण्यात या पेन्शनरांनी वर्षानुवर्षे साखळी उपोषण केले ते याच दुखण्यासाठी. आई आणि काका एकाच दुकानातून तेल आणायचे.

आता फॉर्मवरचे दोन पर्याय. एनपीएसमध्ये मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के तुमचे, 14 टक्के सरकारचे. हे पैसे बाजारात गुंतवले जातात. साठीला जमलेल्या रकमेतले 60 टक्क्यांपर्यंत करमुक्त हातात घेता येतात आणि किमान 40 टक्क्यांची विमा कंपनीकडून अ‍ॅन्युइटी घ्यावी लागते, म्हणजे ती रक्कम कंपनीला देऊन त्या बदल्यात जन्मभर दरमहा पेन्शन. नेहमीच्या प्रकारात ही अ‍ॅन्युइटी जन्मभर तेवढीच राहते. दरवर्षी 3 टक्के सरळ दराने वाढणारा प्रकारही मिळतो, पण त्यात सुरुवातीची रक्कम कमी बसते.

यूपीएस 1 एप्रिल 2025 पासून लागू झाली. पंचवीस वर्षे सेवा झाली, तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या 50 टक्के पेन्शनची हमी. सेवा दहा ते पंचवीस वर्षांच्या मधली असेल तर त्या प्रमाणात, आणि दहा वर्षांनंतर किमान 10,000 रुपये. पेन्शनरामागे जोडीदाराला 60 टक्के. या सगळ्यावर महागाई भत्ता, कामावर असलेल्यांना ज्या हिशेबाने मिळतो त्याच हिशेबाने.

समजा, दोन मैत्रिणी एकाच दिवशी निवृत्त झाल्या आणि दोघींना दरमहा 50,000 रुपये सुरू झाले. एकीची अ‍ॅन्युइटी न वाढणारी, दुसरीची यूपीएस. महागाई वर्षाला 5 टक्के धरू. दहा वर्षांनी पहिलीच्या 50,000 ची किंमत सुमारे 30,700 उरते, वीस वर्षांनी 18,850. दुसरीला विसाव्या वर्षी महिन्याला साधारण 1,32,600 मिळत असतील, म्हणजे तिची खरेदीची ताकद होती तेवढीच. 3 टक्के सरळ वाढीची अ‍ॅन्युइटी वीस वर्षांत 1.6 पट होते, तेवढ्या काळात भाव 2.65 पट झालेले असतात.

ही वाढ फुकट मिळत नाही, आणि हा भाग भाचीला सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. 7 टक्के व्याज धरून पंचवीस वर्षे न वाढता 50,000 द्यायचे तर आज सुमारे 70 लाखांचा फंड लागतो. तीच पेन्शन दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढवायची तर सुमारे 1 कोटी 13 लाख. मधले 43 लाख ही महागाईची किंमत. जुन्या पेन्शनमध्ये ती त्या त्या वर्षीच्या तिजोरीतून, म्हणजे पुढच्या पिढीच्या करातून जायची. एनपीएसमध्ये ती पूर्णपणे तुमच्यावर येते. यूपीएसने मधली वाट काढली आहे. तुमचे 10 टक्के आणि सरकारचे 10 टक्के तुमच्या खात्यात, शिवाय सरकारचे अंदाजे 8.5 टक्के एका सामायिक निधीत. हमीसाठी कमी पडेल ते या निधीतून भरायचे. मला ही रचना जुन्या पेन्शनपेक्षा प्रामाणिक वाटते, कारण वचन देतानाच त्यासाठी पैसे बाजूला काढले जातात. ते पुरतील का, हे वेळोवेळी होणाऱ्या विमागणिती (पुढची देणी आणि जमा निधी यांचा मेळ पाहणाऱ्या) तपासणीतून कळेल, आणि कमी पडले तर भार सरकारवर, म्हणजे पुन्हा करदात्यांवरच येईल.

महागाई भत्ता दगडावरची रेघ आहे, असेही समजू नका. कोरोनाकाळात जानेवारी 2020, जुलै 2020 आणि जानेवारी 2021 असे तीन हप्ते गोठवले गेले. जुलै 2021 मध्ये दर 17 वरून 28 टक्के झाला, पण मधल्या दीड वर्षाची थकबाकी मिळाली नाही. शिवाय हा भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो. सत्तरीतल्या माणसाच्या खर्चात औषधांचा आणि दवाखान्याचा वाटा कामगार कुटुंबापेक्षा पुष्कळ मोठा असतो, आणि तो त्या आकड्यात पुरता उतरत नाही.

एनपीएस कोणाला बरी? ज्यांना सरकारी नोकरीत टिकायचे नाही त्यांना. राजीनामा दिला तर यूपीएसची हमी मिळत नाही. स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी पेन्शन निवृत्तीच्या ठरलेल्या वयाच्या तारखेपासूनच सुरू होते, मधली वर्षे स्वतःच्या बचतीवर काढायची. ज्यांच्यावर अपंग मूल किंवा अवलंबून असलेला भाऊ आहे, त्यांनीही थांबून विचार करावा. यूपीएसमध्ये तुमच्यानंतर पेन्शन मिळते ती निवृत्तीच्या तारखेला असलेल्या कायदेशीर जोडीदारालाच. दोघांच्या पश्चात खात्यातली रक्कम वारसांकडे येत नाही. एनपीएसमध्ये मूळ रक्कम परत देणारी अ‍ॅन्युइटी घेतली, तर ती नॉमिनीला मिळते.

उशिरा लागलेल्यांनी मात्र उगाच घाबरू नये. अडतिसाव्या वर्षी रुजू झालेल्याची साठीपर्यंत बावीस वर्षे होतात, म्हणजे 44 टक्के, आणि त्यावरही भत्ता.

यूपीएसमध्ये निवृत्तीच्या वेळी खात्यातले 60 टक्क्यांपर्यंत काढता येतात, पण तेवढ्याच प्रमाणात पेन्शन कायमची घटते. घराच्या हप्त्यासाठी हा मोह होतो. शक्यतो टाळाच. सेवेच्या प्रत्येक सहामाहीला वेतन व भत्त्याच्या दहाव्या हिश्श्याने वेगळी एकरकमी रक्कम मिळतेच, आणि ग्रॅच्युइटीही.

माझा कौल एका नियमाने ठरला. यूपीएस घेतलेल्याला निवृत्तीच्या एक वर्ष आधीपर्यंत एकदा एनपीएसमध्ये जाता येते, आणि सरकारी हिश्श्यातला 4 टक्क्यांचा फरकही खात्यात जमा होतो. एनपीएसमध्ये राहिलेल्याला मुदतीनंतर उलटे येता येत नाही. पंचवीस वर्षांच्या मुलीला आयुष्य कुठे नेईल हे माहीत नसते, म्हणून परतीची वाट असलेला पर्याय आधी घ्यावा.

महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांनी हा हिशेब जसाच्या तसा लावू नये. तिथे 1 मार्च 2024 पासूनची सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आहे. 50 टक्के आणि महागाई भत्ता तिच्यातही आहे, पण अटी वेगळ्या. आपला शासन निर्णय मुळातून वाचा.

भाचीने यूपीएस लिहिले. फॉर्म टेबलावर ठेवून येऊ नकोस, असे तिला बजावले आहे. तारखेसह पोच घ्यायची, तिची प्रत घरी ठेवायची आणि सेवापुस्तकात नोंद झाली का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे.