रॉकेटच्या मोटरपायी माझे १७,५९० रुपये गेले, तुम्ही तरी सावध राहा

लिहू की नको यात तीन आठवडे गेले. पहिले पाच दिवस तर बायकोलाही सांगितलं नव्हतं. पण परवा पुण्याहून एकाचा फोन आला, "सर, तुमच्या ओळखीत मॉडेल रॉकेटच्या मोटर्स देणारा कुणी आहे का?" तेव्हा ठरवलं, लाज वाटायची ती वाटो, लिहायचंच.

मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. दर शनिवारी दुपारी नऊ मुलं माझ्या घरी रॉकेट बनवायला जमतात. पुठ्ठ्याची नळी, बाल्सा या हलक्या लाकडाचे पंख, पातळ प्लॅस्टिकचं पॅराशूट, सगळं हाताने. तयार रॉकेट दोरीला बांधून डोक्याभोवती गरगर फिरवायचं, नाक पुढे ठेवून फिरलं की समजायचं, हे सरळ उडणार. गाडी अडते ती मोटरपाशी. मोटर म्हणजे बंदुकीची काळी दारू ठासून भरलेली बोटभर लांबीची, १८ मिलिमीटर जाडीची नळी. आपल्याकडे ती स्फोटकांत मोडते, त्यामुळे १८८४ चा कायदा आला, २००८ चे नियम आले, परवाना आला.

घरी मसाला भरायचा नाही, हा माझा मुलांना घालून दिलेला पहिला नियम. १९५७ साली अमेरिकेतल्या नेब्रास्कातला बुटांचा दुकानदार ऑरव्हिल कार्लाइल आणि रॉकेट अभियंता हॅरी स्टाइन या दोघांनी हा छंद उभा केला, तोच मुळी पोरांनी स्वतः दारू ठासून हात-डोळे गमावू नयेत म्हणून. म्हणजे मी धोका टाळायला गेलो होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण "नको ते उद्योग करायला कुणी सांगितले होते?" हे मी आता पुरेसं ऐकलंय.

व्हॉट्सअॅपवर एका ग्रुपमध्ये एका विक्रेत्याची जाहिरात आली होती: सी६-५ प्रकारच्या मोटर्स, २४ नग, नगाला ३६० रुपये, परवानाधारक आयातदार. मी परवाना मागितला होता. आधी मागितला, मग पैशाचं बोललो. त्याने नागपूरच्या स्फोटक विभागाच्या नावाचा शिक्का-सहीचा कागद पाठवला. मी तो पाहिला आणि समाधान मानलं. कागद ज्या कार्यालयाचा म्हणून दाखवतात, त्या कार्यालयाला स्वतः विचारल्याशिवाय तो खरा धरू नका.

आता तो क्षण. आजही रात्री आठवला की झोप उडते. फोनवर तो म्हणाला, "सर, एकदम दमदार माल आहे, पाच सेकंद जळतो." पाच सेकंद! ज्याने एकदा तरी मोटर हातात धरलीय तो असं बोलणार नाही. सी म्हणजे एकूण आवेग (जोर गुणिले वेळ) जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंद, ६ म्हणजे सरासरी जोर सहा न्यूटन. दहाला सहाने भागा, दोन सेकंदांच्या आत खेळ संपतो. शेवटचा पाच म्हणजे जळणं थांबल्यावर पॅराशूट बाहेर फेकेपर्यंतचा वेळ. माझी सातवीतली मुलगी हे सांगते. आणि मी काय केलं? मीच त्याला समजावलं, "अहो, पाच म्हणजे डिले, बर्न नव्हे." तो म्हणाला, "हां हां सर, तेच म्हणायचं होतं." मी फोन ठेवला आणि ८,६४० रुपये पाठवले. विकणाऱ्याला त्याच्याच मालाची माहिती आपल्याला द्यावी लागली, की तिथेच थांबा. मी थांबलो नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. परवाना प्रक्रियेचे २,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे २,९५०. जीएसटीचा आकडा बरोबर आला म्हणून मला ते खरं वाटलं. मग "परत मिळणारी" अनामत ६,०००. मग कुरिअरची पावती आली, तिच्यावर लिहिलेलं: हवाई पार्सल. काळी दारू, आणि साध्या हवाई पार्सलने! तेव्हा कुठे डोळे उघडले. त्याने आणखी ४,५०० मागितले, मी नकार दिला, आणि नंबर ब्लॉक झाला.

यातले ३,६०० रुपये मुलांचे होते, प्रत्येकी ४००. ते मी त्याच आठवड्यात पालकांना परत केले.

चौकीवर तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला होते. दुसऱ्यांदा हवालदाराने विचारलं, "रॉकेट म्हणजे दिवाळीतलं?" मी वहीवर चित्र काढून समजावलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही स्फोटकं मागवत होतात. तक्रार घेतली तर आधी तुमच्यावरच येईल, बघा." अठरा वर्षं शिकवतोय मी, आणि बाकावर आरोपीसारखा बसलो होतो. चोराचा फोन नंबर, खाते क्रमांक, तिन्ही व्यवहारांचे स्क्रीनशॉट समोर ठेवलेले, आणि चौकशी माझी! तिसऱ्यांदा साध्या अर्जावर पोच शिक्का मारून दिला. एफआयआर नाही. बँकेत गेलो तर काउंटरवरच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "पिन तुम्हीच टाकलात ना? मग आमच्याकडे काही नाही." ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुणाचं, एवढंही कुणी सांगेना. गरीब माणूस अंगठा दाखवून खातं उघडायला गेला तर दहा कागद मागतात, आणि चोराला खातं कसं मिळतं?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन मी पाचव्या दिवशी केला, ही माझी चूक. पहिल्याच तासात करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच उपयोग. घरच्यांना नंतर सांगा, आधी फोन करा. आणि कुणी "परवाना आम्ही बघतो" म्हणाला तर व्यवहार मोडा. मुलांना उडवायचंच असेल तर बाटली, पाणी आणि सायकलचा पंप पुरतो, आम्ही आता तेच करतोय.

काल पुण्याच्या त्या माणसाने मला एक जाहिरात पाठवली. नंबर नवा, पण फोटो तोच, चोवीस मोटर्सचा. खाली वाक्य होतं: "सी६-५. पाच म्हणजे डिले, बर्न नव्हे."