डावे की उजवे? ‘इंडियन एक्सप्रेस’ वाचताना

‘इंडियन एक्सप्रेस’ हे इंग्रजी दैनिक डावे की उजवे, एवढ्याच प्रश्नाने त्याची पारख करणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. सत्तेवर कोण आहे आणि त्याच्याविषयी पत्र काय छापते, हे पाहिले तर त्याचा स्वभाव लवकर उमगतो.

१९३२ साली मद्रासमध्ये पी. वरदराजुलु नायडू यांनी सुरू केलेले हे पत्र पुढे रामनाथ गोएंका यांच्याकडे आले आणि १९९१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत मालकाचा कल तोच पत्राचा कल राहिला. संविधान सभेचे सदस्य राहिलेले गोएंका १९७१ मध्ये जनसंघाच्या तिकिटावर विदिशातून लोकसभेवर निवडून गेले आणि नंतर जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनामागे उघडपणे उभे राहिले. त्यामुळे या पत्राच्या निर्भीडपणात मालकाचे राजकारणही मिसळलेले होते, हे मान्य करायला हवे. तरीही आणीबाणी लागू झाल्यावर २८ जून १९७५ च्या अंकात अग्रलेखाची जागा कोरी सोडण्याचे मोल त्याने तसूभरही कमी होत नाही. सेन्सॉरची कात्री चालू असताना तो पांढरा चौकोन वाचकाला सारे काही सांगून गेला, आणि त्याची किंमत पत्राने सरकारी जाहिराती गमावून मोजली. महाराष्ट्राला तर १९८१ विसरता येणार नाही: पत्राचे तेव्हाचे कार्यकारी संपादक अरुण शौरी यांनी मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानांना मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध उघड केला, आणि उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये अंतुले यांना पायउतार व्हावे लागले.

गोएंकांनंतर समूहाची वाटणी झाली आणि दक्षिणेतील आवृत्त्या ‘न्यू इंडियन एक्सप्रेस’ या नावाने वेगळ्या झाल्या; दोन्ही एकच समजून मत बनवू नये.

आजचा अंक आर्थिक प्रश्नांवर उदारीकरणाच्या बाजूचा, तर नागरी स्वातंत्र्याच्या प्रश्नांवर ठाम उदारमतवादी वाटतो. मतांच्या पानांवर काँग्रेसचे पी. चिदंबरम आणि भाजपचे राम माधव या दोघांनाही जागा मिळते, ही मला मोठी जमेची बाजू वाटते. ‘एक्सप्लेन्ड’ हे पान तर स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी कात्रणे काढून ठेवावे असे आहे: एखादे विधेयक नेमके काय बदलते, हे तिथे मूळ तरतुदींसह उलगडलेले असते. मात्र दिल्लीतील घडामोडींना मिळणाऱ्या जागेच्या मानाने मराठवाडा-विदर्भाच्या वाट्याला फार थोडे येते. म्हणून राष्ट्रीय राजकारणासाठी हे पत्र जरूर लावावे, पण जिल्ह्याच्या बातमीसाठी मराठी दैनिक बंद करू नये.