विमान-अंतर मोजणारा कॅल्क्युलेटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

अंतराला पैकीच्या पैकी गुण, वेळेला जेमतेम पास. अंधेरीतल्या बुकिंग टेबलावर आठ महिने रोज वापरून झालेलं हे मत.

शहराचं नाव टाकू नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोडच टाका. लंडन कॅनडातही आहे, सिडनी नोव्हा स्कॉशियातही, आणि सॅन होजे कॅलिफोर्नियात तसंच कोस्टा रिकातही. बीओएम–एलएचआर (मुंबई–लंडन हीथ्रो) टाकलं की साधारण ७,२०० किमी येतात. एककही बघून घ्या. हेच अंतर ४,४७४ मैल, पण ३,८८८ नॉटिकल मैल. सेटिंग नॉटिकलवर राहिलं आणि आकडा साध्या मैलांचा समजून वाचला, तर लंडन जवळपास हजार किलोमीटर अलीकडे येतं.

वेळेचं गणित फारच ढोबळ: अंतराला ताशी ८०५ किमीने भागायचं, वर अर्धा तास. लंडनला सुमारे साडेनऊ तास, जाताना आणि येताना सारखेच! प्रत्यक्षात जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीशी, त्यामुळे परतीला बराच कमी वेळ लागतो. शिवाय अंतर मोजलं जातं ग्रेट सर्कलचं, म्हणजे गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेचं, आणि मुंबई–लंडनची ती रेघ कराचीजवळून जाते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा ती अरबी समुद्रावरून वळसा घालू लागली. कॅल्क्युलेटरचा आकडा जागचा हलला नाही.

वेळापत्रकातला वेळ गेट ते गेट असतो, पुशबॅक (विमान गेटवरून मागे ढकलणं) आणि टॅक्सी (जमिनीवरून गेट ते रनवे चालणं) धरून. सहारचे, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळाचे, दोन रनवे एकमेकांना छेदतात, म्हणून दोन्ही एकदम स्वतंत्रपणे चालवता येत नाहीत. गर्दीच्या वेळी रांग लागते ती त्यामुळेच.

म्हणून वेळ वेळापत्रकातूनच काढा, दोन्ही टोकं यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आणून. मुंबईहून दुपारी २ ला सुटणं म्हणजे ८:३० यूटीसी. लंडनला संध्याकाळी ६:३० ला पोचणारं विमान हिवाळ्यात १० तास घेतं. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ तासभर पुढे असतं, तेव्हा त्याच वेळा ९ तासांच्या होतात. लंडनचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. न्यूयॉर्कचं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या. मधल्या आठवड्यांत हमखास घोळ होतो, कारण कॅल्क्युलेटरमध्ये प्रवासाची तारीख टाकायची सोयच नाही.

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही, म्हणजे एनएमआयहून, विमानं सुटतात. लंडनच्या अंतरात त्याने फारसा फरक पडत नाही. पण एनएमआयला उतरून वेगळ्या तिकिटावर सहारच्या टी-२ (टर्मिनल २) वरून पुढे जायचं असेल, तर बॅगा घ्या, वाशीचा खाडीपूल ओलांडा, चेंबूरचा ट्रॅफिक काढा, पुन्हा चेक-इन करा. मध्ये किमान सहा तास तरी सोडा.